उजवा पाय काम चुकवत होता

एसीएलच्या, म्हणजे गुडघ्याच्या आतल्या एका लिगामेंटच्या, ऑपरेशनला साडेपाच महिने झाले होते. गुडघा दुखत नव्हता, सुजत नव्हता, पूर्ण वाकतही होता. संघातल्या मुली विचारायच्या, "आता कधी उतरतेस?" खो-खोत खांबाला वळसा घालताना उजवा गुडघा आत वळून लिगामेंट तुटलं होतं. मांडीमागच्या स्नायूची दोरी काढून तिथे नवं बसवलं होतं. मला वाटत होतं, झालं सगळं.

फिजिओ मॅडमनी जमिनीवर शेजारी शेजारी दोन वजनकाटे ठेवले. प्रत्येकावर एक पाय. "समोर बघ आणि अर्धी बैठक मार. वजन दोन्हीकडे सारखं वाटलं की थांब." मी थांबले. डावीकडे ३२ किलो, उजवीकडे २०. मला ते अगदी सारखं वाटत होतं! खाली बघितल्यावर रडूच आलं.

मग एका पायावर लांब उडी. डाव्या पायाने १४२ सेंटिमीटर, उजव्याने १३४. म्हणजे ९४ टक्के, आणि ९०च्या वर गेलं की पास असं मी ऐकलं होतं. पण मॅडमनी मोबाईलवरचं शूटिंग सावकाश लावून दाखवलं. उजव्यावर उतरताना गुडघा जेमतेम वाकत होता, मी कमरेतून पुढे झुकून सगळा धक्का तिथे घेत होते. अंतर कापलं जात होतं, पण ते गुडघ्याच्या जोरावर नव्हे.

मांडीच्या पुढच्या स्नायूचा जोर यंत्रावर मोजला तेव्हा खरं कळलं. डावा ४० किलो, उजवा २९. म्हणजे ७२ टक्के. त्यातही डावा पाय घरी बसून कमजोर झालेला. ऑपरेशनच्या आधी त्याची नोंद ४५ होती. त्या आकड्याशी ताडलं तर उजवा ६४ टक्क्यांवर. "अगं, गुडघ्याला इजा झाली, सूज आली की मेंदू या स्नायूला पुरतं कामाला लावतच नाही. दुखणं थांबलं तरी ती सवय राहते," मॅडम म्हणाल्या. मी रोज दोन्ही पायांवर शंभर बैठका मारत होते, आणि त्यातलं जास्तीचं ओझं डावाच उचलत होता. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. गुडघा वाकतो का आणि चालता येतं का एवढंच बघून मुलींना मैदानावर सोडतात, याचा मला आजही राग येतो.

तिथून पुढे सगळं एका पायाचं. लेग एक्स्टेन्शन (यंत्रावर बसून वजनासकट गुडघा सरळ करणं), लेग प्रेस (पायाने वजन ढकलणं), आरशासमोर पायरीवरून सावकाश उतरणं. गुडघा आत झुकला की ती खेप धरायची नाही. दोन महिने फार कंटाळवाणे गेले. सहाव्या महिन्यात स्पर्धा होती, ती सोडली. मॅडमनी ऑस्लो आणि डेलावेअरच्या संशोधकांचा २०१६चा अभ्यास समजावला होता: नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन लांबवलं, तर लांबवलेल्या दर महिन्यामागे पुन्हा दुखापतीची शक्यता जवळजवळ निम्मी होते. ते ऐकल्यावर सरांनीही आग्रह धरला नाही.

सगळ्यात उशिरा सुधारली ती चौकोनातली बैठक. खो मिळाला की डावीकडे निघायला उजव्या पायाने जमीन रेटावी लागते. तिथे मी दर वेळी क्षणभर अडखळायचे, आणि धावणारी तेवढ्यात निसटायची. सर म्हणायचे, "लक्ष कुठंय तुझं?" लक्ष खेळातच होतं, पाय तयार नव्हता. मग रोज वीस वेळा फक्त एवढंच: बस, खो, डावीकडे.

दहाव्या महिन्यात सराव सामना खेळले. मैत्रिणीने शूटिंग केलं होतं, ते रात्री सावकाश लावून पाहिलं. डावीकडे सात वेळा निघाले होते. पाच वेळा उजव्याने नीट रेटलं होतं, दोनदा आधी डावा सरकवला होता.

टेपने मोजलं तर उजवी मांडी अजून एक सेंटिमीटर बारीक आहे. लेग एक्स्टेन्शन आठवड्यातून दोनदा चालू ठेवलं आहे.