आमची वाटचाल: खिडकी तपासायचे पैसे?

ठाण्यात आम्ही काम सुरू केलं तेव्हा लोक तोंडावर विचारायचे, “खिडकी तपासायचे पैसे?” पावसात पाणी आलं की फॅब्रिकेटर, म्हणजे खिडक्या बनवणारा, सिलिकॉनची ट्यूब घेऊन येणार, पुढच्या पावसात पुन्हा तेच, याची सगळ्यांना सवय झालेली. आम्ही पाणी कुठून शिरतंय ते शोधतो, लेखी देतो आणि दुरुस्तीचं काम स्वतः घेत नाही. या नियमापायीच आम्ही बुडायला आलो होतो.

एक वॉटरप्रूफिंगवाला ‘पाहणी मोफत’ म्हणत भागात उतरला. त्याच्या पाहणीत दोष कायम भिंतीचाच निघायचा, कारण त्याला विकायचा होता भिंतीचा कोट. सोसायट्या तिकडे वळल्या. त्यातच अहवाल विरोधात गेला म्हणून एका बिल्डरने आमचं मोठं बिल अडवलं. ते आजतागायत मिळालेलं नाही. भाडं थकलं. माझा भागीदार मूळचा फॅब्रिकेटर; त्याने आपलं कटिंग मशीन विकून पोरांचे पगार भागवले. मशीन गेलं त्या दिवशी तो जेवला नाही.

त्या काळात डोंबिवलीच्या एका निवृत्त शिक्षिकेने आम्हाला धरून ठेवलं. खिडकी पश्चिमेची, पाऊस थेट अंगावर. मोफतवाल्याकडून भिंत रंगवून झाली होती, ओल तशीच. बाई म्हणाल्या, “दादा, रंग नको, कारण सांगा.”

आम्ही पाणी खालून वर मारत जातो: आधी खिडकीखालच्या ग्रॅनाइटचा सांधा, मग काचा सरकतात तो ट्रॅक, उभ्या कडा, शेवटी वरची बाजू. वरून सुरुवात केली तर सगळंच भिजतं आणि वाट कळत नाही. इथे ट्रॅक भरताच आतल्या प्लास्टरवर ओल मोजणाऱ्या मॉइश्चर मीटरचा आकडा चढला. खालच्या ट्रॅकमधून आरपार स्क्रू मारलेले, डोकी उघडी. पाणी बाहेर जायची भोकं कुणीतरी गळती थांबवायला म्हणून सिलिकॉनने बुजवलेली. ग्रॅनाइटचा उतार आतल्या बाजूला. स्पिरिट लेव्हलचा बुडबुडा बाईंना दाखवला. पुढे त्यांच्या अख्ख्या सोसायटीचं काम बाईंनीच मिळवून दिलं.

नंतरची वर्षं बरी गेली. घर घेणाऱ्यांना संरक्षण देणाऱ्या रेरा कायद्याचं कलम १४ हे १ मे २०१७ पासून लागू झालं आणि लेखी अहवालाला वजन आलं. ताब्यापासून पाच वर्षांत कारागिरीतला दोष कळवला, तर बिल्डरने तो ३० दिवसांत फुकट दुरुस्त करायचा असतो.

म्हणून सांगतो, ताबा घेताना ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता. ते बाहेरच गेलं पाहिजे. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन दगड-सिमेंटला लावू देऊ नका, न्यूट्रल मागा. पाहणी करणाराच दुरुस्तीचं कोटेशन काढत असेल तर सही करू नका. आणि बिल्डरला फोनवर सांगून थांबू नका, तक्रार लेखी द्या, पोच घ्या.