तुम्ही विचारलंत म्हणून: मूळ फोटो मी ठेवून का घेत नाही

“स्कॅन करून परत देता? मग ठेवलंत काय स्वतःकडे?” चिपळुणात हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारतात, एसटी स्टँडवर विचारतात, एकदा तर स्मशानातून परतताना विचारला. गावाचे जुने फोटो गोळा करणारा माणूस, आणि घरी एकही जुना फोटो नाही, याची लोकांना गंमत वाटायची. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर गंमत गेली. आता विचारतात, “तुम्ही ठेवून घेतले असते तर वाचले नसते का?”

कुठे ठेवले असते, ते आधी सांगा. माझं घर बाजारपेठेत आहे. २००५ च्या जुलैत तळमजला गेला, २०२१ ला पुन्हा गेला. १८६४ पासूनचं आपलं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर. त्यांच्याकडे इमारत आहे, माणसं आहेत, पिढ्यांचा अनुभव आहे, तरी दोन्ही पुरांत त्यांची पुस्तकं गेली. तिथे माझ्या एका कपाटाची काय कथा? आणि पूर राहू दे. चार महिने भिंती ओल्या असणाऱ्या गावात फोटो ठेवायचे म्हणजे बुरशी आणि कसर यांच्याशी रोजची मारामारी. मी गेल्यावर ती कोण करणार? मुलगा पुण्यात असतो. त्याला हार्ड डिस्कची एक प्रत दिली आहे, तेवढी तो सांभाळतो.

पण जागा नाही हे अर्धंच उत्तर झालं. खरं कारण असं की फोटो घरातून बाहेर पडला की मुका होतो. आमच्या शाळेच्या एका बाईंचा अल्बम घ्या. काळे पुठ्ठे, चार कोपऱ्यांत त्रिकोणी कागद, मधे बटरपेपर. त्यात मुलांच्या ग्रुपचा एक फोटो होता. पुढे बसलेल्या पोराच्या हातातल्या फळ्यावर ‘स्कूल बोर्ड’ असं लिहिलेलं. जिल्हा परिषदा आल्या १ मे १९६२ ला आणि शाळा स्कूल बोर्डाकडून त्यांच्याकडे गेल्या, म्हणून फोटो त्याआधीचा, असं मी ठरवून टाकलं होतं. अल्बम परत द्यायला गेलो तेव्हा बाई चहा गाळता गाळता म्हणाल्या, “छे रे. हेडमास्तर महाचिक्कू होते. नवा फळा रंगवायला पैसे कोण देणार? जुनाच चालवला कितीतरी वर्षं.” अल्बम मी ठेवून घेतला असता तर परत द्यायला गेलोच नसतो, आणि तारीख चुकीची लागली असती. असं पुष्कळदा होतं. घ्यायला जातो तेव्हा लोक नावं सांगतात, परत द्यायला जातो तेव्हा भांडणं सांगतात.

हेच बाईंना मी त्या दिवशी ऐकवलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, “ठेव की तुझ्याकडेच, माझ्यामागे कोण बघणार आहे?” आणि मी नको म्हणालो होतो.

पुराच्या रात्री शेजाऱ्यांनी त्यांना वरच्या मजल्यावर नेलं, म्हणून त्या वाचल्या. पाणी उतरल्यावर सगळं गाव चिखल उपसत होतं, तेव्हा त्यांचा निरोप आला. मी माझ्या घरातलं फावडं ठेवून गेलो. अल्बम चौरंगावर होता, चिखलाच्या विटेसारखा. अशा वेळी काय करायचं ते मला पाठ आहे: वाळू द्यायचा नाही, स्वच्छ थंड पाण्यात ठेवून एकेक फोटो सोडवायचा, जमत नसेल तर गोठवून ठेवायचा. फ्रीज उलटा पडलेला, वीज नव्हती, टँकरचं पाणी प्यायलाच पुरत नव्हतं. शेवटी पागोळ्यांखाली बादली लावली. ती भरेपर्यंत आम्ही दोघं काही न बोलता बसून होतो. मग अल्बम पाण्यात ठेवला आणि पहिलं पान हळूच उचललं. फोटोवरचा जिलेटिनचा थर फुगून सुटला होता. त्यांच्या नवऱ्याचा चेहरा माझ्या अंगठ्याला लागून आला.

“थांब,” बाई म्हणाल्या.

मी सांगायला लागलो की सगळे स्कॅन आहेत, मागच्या बाजूचं अक्षरसुद्धा आहे, वीज आली की छापून आणतो. त्या म्हणाल्या, “ते तुझे फोटो.” मी म्हटलं, बाई, माझ्याकडे असता तरी हेच झालं असतं, माझाही तळमजला बुडाला. “माहीत आहे मला.” मग? “मग काही नाही. तेव्हा नको म्हणालास, आता ठेव.”

तो माझ्याकडे आहे, माळ्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यात. वाळून घट्ट झालाय. उघडला की संपला. मी छापून नेलेल्या प्रती बाईंनी घेतल्या, भाचीला दिल्या.

तीस वर्षांपूर्वीचा मी मला म्हणतो, बघ, सांगत होतो. त्याला संग्रहालय हवं होतं, काचेची कपाटं हवी होती. घरात ठेवलेलं नातवंडं रद्दीत देतात, असं त्याचं म्हणणं. खोटं नाही. बंद पडलेल्या स्टुडिओच्या काचेच्या निगेटिव्ह धुऊन तसबिरींना बसवलेल्या मी पाहिल्या आहेत. त्याला माझं उत्तर एवढंच, की बाबा, उंचावर, कोरडी, पगारी माणूस असलेली खोली आण, मग बोलू. पण हे उत्तर देताना मी एक गोष्ट दडवतो. फोटो परत दिला की मला हलकं वाटतं. पुढे त्याचं काही झालं तर तुमच्या घरी होईल. तत्त्व किती आणि सुटका किती, हे मला आजही नीट वेगळं करता येत नाही.

आणखी एक. ठेवा की परत द्या, हा वाद अल्बम असलेल्या घरांचा. खाडीकडच्या काही घरांत अख्ख्या पिढीचा एकच फोटो असतो, मुंबईला गेलेल्याने तिथल्या स्टुडिओत काढून गावी पाठवलेला. कोटही बहुधा स्टुडिओचाच. भिंतीवर असतो, श्राद्धाला त्याला हार घालतात. तो कुठल्या तोंडाने मागायचा? मी खिशातून फोन काढतो, काच पुसतो, तिरपं उभं राहून टिपतो आणि निघतो. संग्रहात तसे फोटो फार थोडे आहेत आणि त्यांत चकाकी पडते. हे मला कुणी विचारत नाही. विचारायला हवं.

तर आणायचे असतील तर आणा, पण पावसाआधी. चिकटलेले असतील तर सोडवू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. मागे बॉलपेनने लिहू नका, मऊ पेन्सिल घ्या. जमलं तर घरातलं सगळ्यात म्हातारं माणूस बरोबर आणा, आणि परत न्यायला यायचं कुणी ते आधीच ठरवून ठेवा.