पाच सिलेंडरची एंडेव्हर देऊन नेक्सॉन ईव्ही घेतली: माझा अनुभव

अमेरिकेत मसल कार म्हणजे व्ही-8 मस्टँग वगैरे, आपल्या अमळनेरात ती कुठून येणार, आमची मसल कार म्हणजे फोर्डचीच एंडेव्हर 3.2, डिझेलची मोठी एसयूव्ही. 3198 सीसी, पाच सिलेंडर, 200 पीएस ताकद, 470 एनएम टॉर्क म्हणजे ओढायचा जोर. त्या पाच सिलेंडरचा आवाजच वेगळा, मी गल्लीच्या तोंडाशी आलो की आप्पा आतून म्हणायचे, आला. लग्नसराईत नवरदेवासाठी गाडी मागायला लोक यायचे आणि खरं सांगायचं तर मला ते आवडायचं.

पण माझं काम असं की रोज धुळे नाहीतर जळगाव. दिवसाला शंभरेक किलोमीटर सहज होतात. डिझेल नव्वदीच्या आसपास, गाडी देणार लिटरला दहा, म्हणजे रोजचे नऊशे रुपये नुसते जाळायचे, आणि बहुतेक वेळा गाडीत मी एकटाच. फोर्डने सप्टेंबर 2021 मध्ये भारतातलं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं तेव्हापासूनच विषय डोक्यात होता. मग बायकोनेच एकदा वहीत हिशोब मांडला, त्यावर मी काय बोलणार.

विकायचं म्हटल्यावर पहिला झटका एक्स्चेंजच्या भावाचा. शोरूमवाल्याने गाडीला एक चक्कर मारली, टायर बघितले आणि जो आकडा सांगितला तो ऐकून मी चहा पण न घेता उठलो. शेवटी ओळखीतून शिरपूरकडची पार्टी भेटली, दीड लाख जास्त देऊन गेली. आमचा मेकॅनिक तर शेवटपर्यंत अडवत होता, "भो, हाई गाडी इकू नको, अशी गाडी परत मिळाव नही." आता त्याला काय सांगू, मला माहीत नाही का ते!

कागदांचं मात्र नीट ऐका. मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, लोन असलं तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35, जुने ई-चलन भरून टाकायचे, आणि गाडी ताब्यात दिल्याची तारीख-वेळ टाकून पावती, समोरच्याच्या आधारच्या झेरॉक्ससकट. परिवहनच्या साईटवर मालकाचं नाव बदललेलं दिसेपर्यंत पाठपुरावा सोडू नका, कारण मधल्या काळात काही झालं तर नोटीस तुमच्याच घरी येते. फास्टॅग त्याच दिवशी बंद करा नाहीतर तो टोलवर जाईल आणि पैसे तुमचे कटतील. आणि नो क्लेम बोनस, हा तर लोक चक्क सोडून देतात. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर ओन डॅमेजच्या, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीच्या विम्याच्या प्रीमियमवर 50 टक्के सूट, जुन्या विमा कंपनीकडून तसं पत्र घ्यायचं आणि नव्या गाडीला लावायचं. माझा नव्या विम्याचा आकडा त्याने बराच खाली आला.

नवीन गाडी घेणं त्यामानाने सोपं गेलं. टाटाची नेक्सॉन ईव्ही, म्हणजे पूर्ण इलेक्ट्रिक, 45 किलोवॅट अवरची बॅटरी. ईव्हीवर जीएसटी 5 टक्के, आणि महाराष्ट्रात मोटार वाहन कर माफ, डिझेलच्या गाडीला तोच 13 ते 15 टक्के बसतो, त्यामुळे ऑन रोड किमतीत फरक चांगलाच पडतो.

खरी लढाई घरच्या मीटरपाशी. चार्जर 7.2 किलोवॅटचा, आमचं जुनं सँक्शन लोड, म्हणजे घराला मंजूर असलेला वीजभार, त्याच्यापुढे काहीच नाही. महावितरणकडे लोड वाढवायचा अर्ज केला, थ्री फेज घेतलं, चार्जरला वेगळी 6 स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर आणि वेगळा एमसीबी. सगळं झालं, गाडी लावली, तर चार्जरवर लाल लाईट. मला वाटलं गाडीच खराब निघाली. इलेक्ट्रिशियनने मल्टीमीटर लावला तर न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये वीसच्या वर व्होल्ट, जिथं दोन-तीनच असायला पाहिजे. कारण आपली काळी माती! एप्रिल-मे मध्ये ती हात जाईल एवढी तडकते, ओल खाली जाते आणि जुनं अर्थिंग नावालाच राहतं. मग अंगणात नवीन खड्डा, तांब्याची प्लेट, कोळसा-मीठ, वर पाणी ओतायला पाईप सोडला. आता उन्हाळ्यात तुळशीला पाणी घालताना आई तिथेही बादलीभर ओतते. खान्देशात कोणी ईव्ही घेत असेल तर भाऊ, गाडी बुक करायच्या आधी अर्थिंग तपासून घ्या, कलर नंतर ठरवा.

दुसरी गोष्ट वीजबिलाची. घरच्याच मीटरवर गाडी लावली की स्लॅब चढतो आणि युनिट दहा रुपयांच्या वर जातं, मग बचत कमी होते. त्यासाठी एकतर गाडीला वेगळं मीटर, नाहीतर सोलर. मी पीएम सूर्यघर या केंद्राच्या घरगुती सोलर योजनेतून 3 किलोवॅट बसवलं, 78,000 सबसिडी आहे. किलोवॅटला दिवसाचे साधारण चार युनिट म्हणजे बारा, आणि माझ्या रोजच्या फेरीला चौदा-पंधरा युनिट लागतात. आपल्याकडच्या उन्हाचा काहीतरी उपयोग झाला म्हणायचा. सोलर नसतं तर भुसावळजवळच्या दीपनगर वीज केंद्रातला कोळसाच जळला असता, तोही विचार येतोच.

चालवायला कशी? टॉर्क 215 एनएम, म्हणजे जुन्या गाडीच्या निम्म्याहून कमी, पण तो पायाखाली लगेच भेटतो, टर्बोची वाट बघावी लागत नाही, त्यामुळे पारोळा रोडला ट्रॅक्टर ओव्हरटेक करताना उलट हीच बरी. एका चार्जमध्ये कंपनीचा आकडा 489 किलोमीटरचा आहे, मला मे महिन्यात फुल एसीत तीनशेच्या थोडं वर भेटतात. कन्नड घाट उतरताना रिजनने, म्हणजे ब्रेकिंगमधून परत मिळणाऱ्या विजेने, बॅटरी वाढताना बघून पोरगं टाळ्या वाजवतं. उणीव एकच, आवाज. उंचीची पण थोडी, शेतातल्या रस्त्याला जपून घ्यावी लागते.

लांबच्या प्रवासाचं म्हणाल तर नाशिक एका चार्जमध्ये जातं, यायला मात्र मालेगाव-चांदवडच्या पट्ट्यात कुठेतरी चार्जिंगला थांबावं लागतं. फोनमध्ये चार्जिंगचे दोन-तीन अॅप ठेवा, प्रत्येकात थोडे पैसे टाकून ठेवा, आणि निघायच्या आधी ज्याच्याकडे चार्जिंग मशीन आहे त्या ढाब्यावाल्याला फोन करून ती चालू आहे का ते विचारा. अॅप चालू दाखवतं म्हणून विश्वास ठेवू नका.