टेलीलेन्ससाठी बॅकपॅक घेताना आधी पाठ मोजा – माझा अनुभव

बॅग घ्यायची म्हटलं की दुकानदारापासून मित्रमैत्रिणींपर्यंत सगळे पहिला प्रश्न विचारतात, किती लिटरची पाहिजे? मला आता ठाम वाटतं की हा प्रश्न तिसरा यायला हवा, आधी आपल्या पाठीची लांबी किती आणि मग सामानाचं वजन किती. पक्ष्यांच्या फोटोग्राफीसाठी बॅकपॅक शोधण्यात माझा अख्खा पावसाळा गेला, आणि ज्या मुलींची उंची माझ्यासारखी पाच फुटांच्या आसपास आहे त्यांना तरी उपयोग होईल म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सामान. निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमीची टेलीलेन्स, लेन्स कॉलरसकट (लेन्स स्टँडवर बसवायचं कडं) २३०० ग्रॅम आणि बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरीसकट ८६० ग्रॅम, म्हणजे तीन किलोच्या वर तर इथेच झालं. त्यात मोनोपॉड (एका पायाचा स्टँड), दुर्बीण, दोन लिटर पाणी, डबा, रेनकोट. हे सगळं एका पिशवीत घालून हूकवाल्या काट्याला लटकवलं तर सात किलोच्या पुढे गेलं, आणि यात बॅगेचं स्वतःचं वजन धरलेलंच नाही. मोठ्या लेन्ससाठीच्या कॅमेरा बॅगा जाड पॅडिंगमुळे रिकाम्याच दोन-अडीच किलोपर्यंत जातात, तेव्हा लेबलवर लिटर बघाल तसं रिकामं वजनही नक्की बघा.

मग मी जाते कुठे कुठे. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, त्यामुळे येऊरचं जंगल जवळच, पण हिवाळ्यापासून मेपर्यंत माझा जास्त वेळ खाडीच्या बाजूला जातो, ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकल पकडून ऐरोली नाहीतर नेरूळ-सीवूड्स. जानेवारी २०२४ पासून लोकल उरणपर्यंत जाते त्यामुळे नेरूळला गाडी बदलून तिकडच्या पाणथळींवरही जाता येतं, गाडी काढावी लागत नाही. म्हणजे माझी बॅग जेवढी चालायची तेवढीच लोकलच्या गर्दीत उभी राहायची. आणि फ्लेमिंगोंचं गणित तर सगळं भरती-ओहोटीवर आहे, ओहोटीला ते खाडीच्या चिखलात चरत असतात आणि भरतीचं पाणी चढलं की नेरूळ-सीवूड्सकडच्या एनआरआय, डीपीएस नावाच्या पाणथळींवर येऊन थांबतात, त्यामुळे आपण भरतीच्या आधी जाऊन उभं राहायचं आणि वाट बघायची. खाली सगळा चिखल, बॅग ठेवायला कोरडी जागा नाही, म्हणजे ती पाठीवरच. अशा वेळी खांदे बोलायला लागतात.

खांदे का दुखतात हे शोधत गेले तेव्हा कळलं की चांगल्या बॅकपॅकचा बराचसा भार खांद्यावर येतच नाही, तो कमरेच्या पट्ट्यातून कमरेच्या हाडांवर जातो. पण त्यासाठी पट्टा बरोबर त्या हाडांवरच बसायला पाहिजे, आणि तो बसणार की नाही हे आपल्या पाठीच्या लांबीवर ठरतं, उंचीवर नाही, कारण सारख्या उंचीच्या दोघींची पाठ वेगवेगळी असू शकते. मोजायची पद्धत सोपी आहे. मान खाली घालायची, मानेच्या तळाशी सगळ्यात वर आलेलं हाड हाताला लागतं ते एक टोक. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवायचे, अंगठे पाठीमागे, दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ पाठीच्या कण्याला जिथे छेदते ते दुसरं टोक. आईने शिवणकामाच्या टेपने माझी पाठ मोजली तर ४० सेंटीमीटर आली.

तो आकडा घेऊन मी फोर्टला गेले, बोरा बाजारच्या बाजूला कॅमेऱ्याची दुकानं आहेत तिथे. लेन्स-बॉडी सोबत घेऊनच. एका दुकानात सामान भरून बघायला नाही म्हणाले, मी तिथून सरळ निघाले, रिकामी बॅग कोणाच्याही पाठीवर छानच वाटते. दुसऱ्या दुकानातल्या काकांनी मात्र शांतपणे पाच-सहा बॅगा काढून दिल्या. बऱ्याच कॅमेरा बॅगांची पाठ फिक्स असते, खांद्याचे पट्टे वर-खाली सरकत नाहीत, त्यामुळे प्रत्येक वेळी कमरेचा पट्टा माझ्या हाडांच्या चार बोटं खाली, मांडीच्या सुरुवातीला यायचा. चालताना पाय उचलला की मांडी पट्ट्याला ढकलायची, बॅग वर उसळायची आणि पुन्हा खांद्यावर आदळायची. काका म्हणाले ताई अजून घट्ट करा, पण हे घट्ट-सैलचं काम नव्हतंच, बॅगेची पाठच माझ्यापेक्षा लांब होती.

माझ्या एका मित्राकडे पाठीच्या बाजूने उघडणारी कॅमेरा बॅग आहे. तो उंच आहे, त्याला ती अगदी फिट्ट बसते, आणि चिखलात तिचा खरंच फायदा आहे: खांद्याचे पट्टे काढायचे, कमरेचा पट्टा तसाच ठेवून बॅग पोटाकडे फिरवायची आणि उभ्या उभ्या लेन्स काढायची, बॅग जमिनीला टेकवायचीच नाही. गर्दीत पाठीमागून कोणी चेनही उघडू शकत नाही. ज्यांना ती अंगाला बसते त्यांनी डोळे झाकून तीच घ्यावी असं मी म्हणेन.

मला शेवटी ट्रेकिंगवाल्यांच्या सेक्शनमध्ये उत्तर मिळालं. बायकांसाठीची चाळीस लिटरच्या आसपासची रकसॅक, पाठ वर-खाली सरकवता येते, आणि मुख्य म्हणजे समोरून अख्खी चेन उघडते. त्यात ठेवायला पॅडिंगवाला आतला डबा वेगळा घेतला, त्याच काकांकडून. डब्याचं माप घेताना एक लक्षात ठेवा, लेन्स एकटी २७ सेंटीमीटर असली तरी बॉडी लावून ती ३५ च्या आसपास जाते, आणि पक्ष्यांसाठी लेन्स बॉडीला लावलेलीच ठेवावी लागते, वेड्या राघूसमोर लेन्स जोडत बसायला वेळ नसतो. हूड (लेन्सच्या तोंडावरचं ऊन अडवणारं कडं) उलटा लावल्यावर जाडीही वाढते, म्हणून हूडसकटच माप घ्या. जड वस्तू पाठीला चिकटून आणि साधारण मध्यावर राहिली पाहिजे, त्यामुळे डबा उभा, पाठीकडे, त्याच्या खाली रेनकोट.

दुकानातच सगळं सामान भरून मी अर्धा तास फिरले, जिना चढले, उकिडवी बसून उठले. घालायचा क्रम पण तिथेच शिकले: आधी सगळे पट्टे सैल, मग कमरेचा पट्टा हाडांवर घट्ट, मग खांद्याचे, मग खांद्यावरून बॅगेच्या वरच्या टोकाला जाणारे छोटे पट्टे, आणि छातीचा सगळ्यात शेवटी. कमरेचा पट्टा क्लिक करून आवळला तेव्हा खांद्याच्या पट्ट्याखाली बोट आरामात गेलं, भार खाली उतरलेला स्पष्ट जाणवला. तिथेच घ्यायचं नक्की केलं.

उणं एकच, समोरून उघडायची म्हणजे पाठीची बाजू जमिनीवर येते. त्यासाठी ताडपत्रीचा एक तुकडा वरच्या खणात असतो. तसंही जागेवर पोचल्यावर कॅमेरा हातातच असतो.

रंग गडद हिरवा घेतला. पक्ष्यांना रंग आपल्यापेक्षा जास्त दिसतात, अल्ट्राव्हायोलेटसुद्धा बऱ्याच जणांना दिसतं, मग भडक केशरी बॅग घेऊन त्यांच्यासमोर का उभं राहायचं? रेनकव्हरचा रंगही उघडून बघा, बॅग मातकट आणि कव्हर झगझगीत पिवळं असं बरेचदा असतं. आणि वेल्क्रो टाळाच, येऊरला सकाळच्या शांततेत वेल्क्रोचा चर्र आवाज झाला की फांदीवरचा पक्षी गेला म्हणून समजा.

पावसाचं वेगळं सांगते, कारण जूनमध्ये कर्नाळ्याच्या अभयारण्यात तिबोटी खंड्या येतो, रायगडचा जिल्हापक्षीच तो, आणि तेव्हा सगळे तिकडे धावतात (घरट्याजवळ जाऊ नका, एवढं कृपा करून पाळा). रेनकव्हर फक्त बाहेरची बाजू झाकतं, पाठीकडून पाणी आणि घाम दोन्ही आत झिरपतात. म्हणून आतला डबा मी वॉटरप्रूफ ड्राय बॅगमध्ये घालते, तोंड गुंडाळून बंद होणाऱ्या. लोकलमध्ये बॅग पोटाशी घेते, वरच्या रॅकवर कधीच नाही, तिथे कोण कधी काय आदळेल सांगता येत नाही. ट्रेकची बॅग असल्यामुळे आत कॅमेरा आहे हे कोणाला कळत नाही हेही बरंच आहे.

घरी आलं की लेन्स बॅगेत ठेवू नका, कितीही दमलात तरी. ओलसर पॅडिंग आणि आपल्याकडची हवा, काचेवर बुरशी धरायला एवढं पुरतं. मी लेन्स आधी कोरडी पुसते, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक टाकून ठेवते, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघते, आणि बॅग सगळ्या चेन उघडून रात्रभर पंख्याखाली.