भर पावसातला घाटरस्ता: दिवे कुठे लावावेत, कुठे विझवावेत

पहाटे निघताना भुरभुर होती. मागे तिघे आणि डिकी गच्च, म्हणजे गाडीची मागची बाजू दबलेली आणि हेडलाइटचा झोत वर उचललेला. अशा वेळी झोत वर-खाली करणारी लेव्हलिंगची चकती 0 वरून 2 किंवा 3 वर न्यावी, नाहीतर डिप्परसुद्धा समोरच्याच्या डोळ्यांत जातो. ब्रेकलाइट एकट्याने तपासता येतात: भिंतीकडे पाठ करून गाडी लावा, पेडल दाबा आणि लाल उजेड दोन्हीकडे सारखा पडतो का ते आरशात पाहा.

उजाडल्यावर महामार्गावर पावसाने जोर धरला. पुढे डीआरएल (गाडी चालू होताच आपोआप लागणारे दिवसाचे दिवे) लागलेले असले की सगळे दिवे चालू आहेत असा समज होतो, पण बऱ्याच गाड्यांत त्यांच्याबरोबर टेललाइट लागत नाहीत. ट्रकच्या चाकांमागच्या फवाऱ्यात राखाडी गाडी मागून दिसतच नाही. हेडलाइट आपोआप लावणाऱ्या 'ऑटो'चा सेन्सर मुख्यतः उजेड मोजतो. दिवसाच्या पावसात तो स्वस्थ बसू शकतो. हेडलाइट हातानेच लावा. पावसात दिवे आपल्याला दिसावं म्हणून जेवढे लागतात, त्याहून जास्त आपण दिसावं म्हणून.

घाटात ढग उतरले. इथे अप्पर मारला की थेंबांवरून उजेड उलटा फिरतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. डिप्परच ठेवा, सोबत पुढचे फॉग लॅम्प. ते बंपरात खाली असल्याने रस्त्याकडेची पट्टी उजळते. मागचा फॉग लॅम्प मात्र 100 मीटरपलीकडचं दिसेनासं झालं तरच. तो इतका प्रखर असतो की त्याच्याजवळ ब्रेकलाइट लागलेला कळत नाही. धुकं विरळ झालं की लगेच विझवा. काही गाड्यांत तो एकाच बाजूला असतो, बल्ब गेलेला नसतो.

आणि चालत्या गाडीत हझार्ड लावू नका, कृपा करून. चारही दिवे लुकलुकत असले की आपण कुठे वळणार ते मागच्याला कळत नाही. गाडी उभी आहे की चालती, हेही नाही. हझार्ड थांबल्यावर: गाडी पूर्ण कडेला, टेललाइट चालू, धोक्याचा लाल त्रिकोण 50 मीटर मागे, म्हणजे साधारण 70 पावलं.

त्याच थांब्यावर ओल्या फडक्याने दिव्यांच्या सगळ्या काचा पुसाव्यात. एलईडीची काच फारशी तापत नाही, तिच्यावरचा चिखल ओलाच चिकटून राहतो. दिव्याच्या आत हलकं दव धरलं तर ते सहसा आपोआप जातं. तळाशी पाणी साचलं असेल तर सील गेलं आहे, परतल्यावर बदलून घ्या.