आईच्या टाचा आणि पोप फ्रान्सिस

२१ एप्रिल २०२५, ईस्टरचा दुसरा दिवस. दुपारी बातमी आली तेव्हा आई कूलरसमोर पाय पसरून बसली होती. भुसावळातली एप्रिलची दुपार, मी खिडकीला ओली चादर लावत होते. फादरांचा मेसेज आला, पोप फ्रान्सिस देवाघरी गेले. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. आई काहीच बोलली नाही. पसरलेले पाय तिनं ओढून घेतले, पदरानं झाकले आणि जपमाळ मागितली.

आदल्याच दिवशी आम्ही त्यांना मोबाईलवर पाहिलं होतं. ३८ दिवस दवाखान्यात काढून आलेला ८८ वर्षांचा माणूस, व्हॅटिकनमधल्या सेंट पीटर चर्चच्या सज्जात खुर्चीवर. आवाज पार खोल गेलेला, हात जेमतेम उचलला जात होता. "थकला व माय," आई म्हणाली होती. आमच्यात पोपांना महाशय म्हणतात. आई ७९ वर्षांची. थोरल्या भावाला म्हणावं तसं ती त्यांना एकेरीच म्हणते, आणि मी तिला कधी टोकलं नाही. कारण त्या माणसाचं आणि तिचं एक नातं होतं.

आमचे वडील मालधक्क्यावर हमाल होते. मी नववीत असताना ते गेले. मग आई केळीच्या कामाला लागली. सकाळच्या पॅसेंजरनं सावद्याला उतरायचं, तिथून पायी बागेत. कापलेले घड डोक्यावर घेऊन बांधापर्यंत आणायचे. केळीचा चीक लुगड्याला लागला की तो डाग लुगडं फाटेपर्यंत जात नाही. आईच्या सगळ्या लुगड्यांवर ते काळपट डाग होते. बाग बारमाही ओली. बोटांच्या बेचक्यात चिखल्या व्हायच्या, रात्री ती तिथं हळद-तेल भरायची. आणि टाचांना भेगा. लहानपणी मी त्या भेगांत नाणं उभं करून पाहिलंय. बसलं होतं ते.

ईस्टरआधीच्या गुरुवारी, आज्ञा गुरुवारी, चर्चमध्ये फादर बारा जणांचे पाय धुतात, प्रभू येशूनं शिष्यांचे धुतले तसे. आमच्या आठवणीत ते बाराही पुरुषच असायचे, कारण नियमच तसा होता. त्या बारा जणांचे टॉवेल आई धुवायची. कुणी सांगितलेलं नव्हतं, कधीतरी तिनं अंगावर घेतलं आणि मग ते तिचंच काम झालं. नीळ घालून, कडक उन्हात वाळवून, चौघडी घडी करून बुधवारी संध्याकाळी नेऊन द्यायची.

निवडून आल्यावर पंधरा दिवसांतच, २८ मार्च २०१३ ला, फ्रान्सिस रोममधल्या अल्पवयीन मुलांच्या तुरुंगात गेले आणि तिथं बारा जणांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या, त्यांतली एक मुसलमान. तेव्हा आईनं फोटो पाहून एवढंच विचारलं होतं, "हे चालतं?" पुढे जानेवारी २०१६ मध्ये त्यांनी नियमच बदलला. बायकांचेही पाय धुता येतील असं आदेशात आलं. व्हॅटिकनचे कागद आपल्यासाठी नसतात असं मला वाटायचं. पण हा कागद दोन महिन्यांत भुसावळला पोहोचला. फादर घरी आले आणि आईला म्हणाले, "बाई, यंदा टॉवेल दुसरं कुणी धुवेल. तुम्ही खुर्चीवर बसायचं."

आईनं सरळ नाही म्हटलं. काही बुजुर्गांनाही ते रुचलं नव्हतं, पण तिचं कारण वेगळं होतं. "फादरसमोर हे पाय कसे काढू?" ती मला म्हणाली. आपल्याकडे जावयाचे पाय धुतात, बुवा-महाराजांचे धुतात. आणि ते पाणी घालायला बाईच उभी असते. तिच्या पायावर आजवर पाणी घातलं होतं ते फक्त बागेतल्या पाटानं.

तरी बुधवारी रात्री मला न्हाणीघरातून आवाज आला. ती वजरीनं टाचा घासत होती. मी जाऊन पाहिलं तर भेगांतून रक्त आलेलं. तिच्या हातातून वजरी काढून घेतली आणि टाचांना खोबरेल लावलं.

गुरुवारी ती सातव्या खुर्चीवर होती. फादर गुडघ्यावर आले, तसा तिनं पाय मागे घेतला. ते थांबले. तिच्या तोंडाकडे पाहिलं नाही की घाई केली नाही, तांब्या धरून नुसते थांबले. मग पाय पुढे आला. पाणी घातलं, टाचेखाली हात धरला, भेगांवरून टॉवेल हलकेच टिपला आणि ओणवून पायाचं चुंबन घेतलं. आई रडली नाही. घरी आल्यावर म्हणाली, "पाणी कोमट होतं. कुणीतरी तापवून ठेवलं होतं."

तेव्हापासून फ्रान्सिस तिचा झाला. त्यांचं सगळं मला तिला सांगावं लागायचं. निर्वासितांसाठी ते इटलीच्या लाम्पेदुसा बेटावर गेले, महालात न राहता पाहुण्यांच्या साध्या घरात राहिले. एप्रिल २०१९ मध्ये दक्षिण सुदानच्या भांडणाऱ्या पुढाऱ्यांसमोर ८२ व्या वर्षी खाली वाकून त्यांनी त्यांच्या पायांचं चुंबन घेतलं, ते तर तिनं चारदा पाहिलं. "गुडघे दुखत असतील रे त्याचे," म्हणाली. तिचेही दुखतातच. पुढे ते चाकांच्या खुर्चीवर आले तेव्हा आपलं खरं ठरल्याचं तिला वाईट वाटलं.

२७ मार्च २०२० ची रात्र. लॉकडाऊन. गाड्या बंद झाल्यानं जंक्शनचं गाव असं गप्प झालं होतं की झोप लागेना. साडेदहाला आम्ही मोबाईल उशीला टेकवून पाहिलं, सेंट पीटरच्या रिकाम्या चौकात पावसात ते एकटेच प्रार्थना करत होते. पुढे मे महिन्यात जालन्याहून भुसावळच्या गाडीसाठी रुळांवरून पायी निघालेले मजूर करमाडजवळ मालगाडीखाली गेले. सोळा जण. त्या दिवशी आईनं जपमाळ संपवली आणि परत पहिल्यापासून धरली. गाझातल्या चर्चला फ्रान्सिस रोज संध्याकाळी फोन करायचे, हे मी सांगितलं तेव्हाही तसंच.

२०२५ च्या आज्ञा गुरुवारी, १७ एप्रिलला, ते रोममधल्या रेजिना चेली तुरुंगात गेले होते. या वर्षी पाय धुणं जमत नाही, पण तुमच्याजवळ असायचंय, असं कैद्यांना म्हणाले. त्यानंतर चारच दिवस.

बातमीच्या संध्याकाळी शेजारच्या पाटीलकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजार देतो, तशी. "तुमच्या घरचंच माणूस गेलं ना," म्हणाल्या. मला पुढे बोलता आलं नाही. सरकारनं तीन दिवसांचा दुखवटा जाहीर केला, राष्ट्रपती अंत्यविधीला गेल्या. पण आमच्या घरचा दुखवटा त्या टोपलीतूनच आला.

बातमीच्या दुसऱ्या दिवशी पेटीत ठेवलेल्या देहाचा फोटो आला. आईनं चष्मा लावला. तोंड पाहिलं, हातातली जपमाळ पाहिली. मग म्हणाली, "खाली ने. पाय दाखव."

मी बोटानं फोटो मोठा केला. काळे साधे बूट, पुढून झिजलेले, रंग उडालेला. ती बराच वेळ पाहत राहिली.

"पॉलिश नाही केलं कुणी," ती म्हणाली. "बरं केलं."