नसांच्या तपासणीची फेरी: डॉक्टर कसे शोधले आणि आत काय झालं

आईच्या उजव्या हाताला रात्री मुंग्या यायच्या. झोपेतून उठून हात झटकला की जरा बरं वाटायचं. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर, करंगळी मात्र ठणठणीत. एका ठिकाणी आधी नसांची, म्हणजे मज्जातंतूंची, तपासणी झाली होती. रिपोर्टमध्ये आकड्यांचे तक्ते आणि खाली एक ओळ: हातापायांच्या सगळ्या नसा मंद, पॉलिन्यूरोपथीची (एकाच वेळी अनेक नसा बिघडण्याची) शक्यता. मधुमेह नाही, पायांची तक्रार नाही, मग सगळ्या नसा कशा बिघडतील? आमच्या न्यूरोलॉजिस्टनाही ते पटेना. क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीत (मेंदू, नसा आणि स्नायूंतली वीज मोजून तपासण्याच्या शाखेत) मुरलेल्या डॉक्टरांकडून तपासणी पुन्हा करून घ्या, असं त्यांनी सांगितलं.

शोधायला लागल्यावर पहिला घोळ पाटीचा. ब्रिटनमध्ये ही स्वतंत्र शाखा आहे. अमेरिकेत न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजियाट्रिस्ट (पुनर्वसनाचे डॉक्टर) जादा प्रशिक्षण घेऊन हे काम करतात. इतरत्र पाटीवर नुसतं 'न्यूरोलॉजी' असू शकतं. त्यात या शाखेचा पसाराही मोठा. कुणी मेंदूचा ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख) वाचण्यात तरबेज, कुणी नसा आणि स्नायूंच्या ईएमजीत (स्नायूंतली वीज सुईने तपासण्यात), तर कुणी मणक्याची शस्त्रक्रिया चालू असताना नसांवर लक्ष ठेवण्यात. फिट्स येणाऱ्या मुलाच्या ईईजीसाठी नावाजलेले डॉक्टर हाताच्या बधिरपणासाठी योग्य असतीलच असं नाही. म्हणून फोनवर थेट विचारायचं: ईएमजी इथे नेहमी होतो का? सुई कोण घालतं? रिपोर्ट लिहिणारे डॉक्टर पेशंटला स्वतः बघतात का? नसांना शॉक देऊन वेग मोजण्याचं काम प्रशिक्षित टेक्नॉलॉजिस्टने केलं तर त्यात काहीच वावगं नाही. सुईच्या तपासणीला मात्र डॉक्टर समोर हवेत असं माझं ठाम मत आहे. पुढची सुई कोणत्या स्नायूत घालायची हे आधीच्या स्नायूत काय दिसलं यावर ठरतं.

आम्हाला मिळालेल्या डॉक्टरांनी मशीनला हात लावण्याआधी विचारलं, "काकू, रात्री जाग आली की हाताचं नेमकं काय करता?" आईने हात झटकून दाखवला. मग त्यांनी अंगठ्याची ताकद पाहिली, बोटांची संवेदना तपासली, मान वळवून बघितली आणि हात हातात घेऊन म्हणाल्या, "फार गार आहेत." त्वचेचं तापमान मोजलं, ते 32 अंश सेल्सियसच्या बरंच खाली होतं. दोन्ही हात कोमट पाण्यात ठेवायला लावले, पायांवर गरम शेक दिला, आणि तापमान वर आल्यावरच सुरुवात केली. गार नस संदेश सावकाश नेते. तापमान एका अंशाने उतरलं की वेग सेकंदाला साधारण दीड ते अडीच मीटरने कमी होतो. निरोगी माणसाच्या हाताच्या नसेचा वेग सेकंदाला 50 मीटरच्या वर असतो, त्यामुळे थंडगार हात धडधाकट माणसालाही आजारी ठरवू शकतात.

शॉक टिचकीसारखे लागतात. बोट आपोआप उडतं, दुखतं म्हणण्यापेक्षा दचकायला होतं. दोन जागी शॉक देऊन मधलं अंतर टेपने मोजतात आणि वेळेच्या फरकाने भागतात. मनगटातून जाणाऱ्या मीडियन नसेची तुलना त्याच हातातल्या, करंगळीकडे जाणाऱ्या अल्नार नसेशी केली. अल्नार चोख, पायाच्या नसाही चोख, मीडियन तेवढी मनगटापाशी अडलेली. म्हणजे कार्पल टनेल, मनगटात ही नस दबण्याचा आजार.

मग सुई. ती बारीक असते, तिच्यातून करंट देत नाहीत, स्नायूतली वीज फक्त ऐकतात. हो, ऐकतात, कारण मशीनला स्पीकर असतो. नस तुटलेला स्नायू स्वस्थ पडलेला असतानाही पत्र्यावर पावसाचे थेंब पडावेत तसा आवाज करतो. आईच्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला स्नायू शांत होता. मानेतून नस दबलेली नाही ना, हे पाहायला दंडातही सुई घातली, तिथेही सगळं ठीक. नस दबली होती, पण स्नायूचं नुकसान झालेलं नव्हतं.

जाणाऱ्यांनी त्या दिवशी हातापायांना क्रीम किंवा तेल लावू नये, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, बाह्या वर सरकतील असे कपडे घालावेत. उपाशी राहायची गरज नसते. पेसमेकर असेल किंवा रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर अपॉइंटमेंट घेतानाच सांगा, गोळी आपल्या मनाने बंद करू नका. मायस्थेनियाच्या (स्नायू लवकर थकण्याच्या आजाराच्या) तपासणीआधी काही औषध थांबवायचं का, हेही डॉक्टरांनीच ठरवायचं. इजा ताजी असेल तर तारखेचा विचार करा, कारण नस तुटल्याची स्नायूतली लक्षणं सुईला दिसायला दोन ते तीन आठवडे लागतात. ईईजीला जाणाऱ्यांनी केस धुऊन, तेल न लावता जावं.

नॉर्मल रिपोर्टने सगळंच निकाली निघत नाही. तळव्यांची जळजळ नसांमधल्या बारीक तंतूंची असेल तर ही तपासणी नॉर्मलच येते, कारण ती जाड, वेगवान तंतूंचीच असते. तसंच एक ईईजी स्वच्छ आला म्हणून एपिलेप्सी नाही असं होत नाही.

पाठवणाऱ्या डॉक्टरांकडून चिठ्ठीवर प्रश्न लिहून घ्या. नुसतं 'ईएमजी' नको, 'मनगटात दबलंय की मानेत?' असं हवं. रिपोर्ट घेताना त्या प्रश्नाचं उत्तर वाक्यात लिहिलंय का आणि तापमानाची नोंद आहे का, हे तिथेच पाहून घ्या. नसेल तर तिथेच विचारा, बहुतेक डॉक्टर आनंदाने समजावून सांगतात.